रियासतकार सरदेसाई आणि बगरूचे कागद

जयपूरहून अजमेरच्या रस्त्याला लागले की तीसेक किलोमीटरवर बगरू हे गाव लागते. आपल्या घरातील गृहिणींना हे नाव ठाऊक आहे ते तेथील छिप्यांच्या ठशांच्या कापडामुळे. काळ्यातांबड्या वेलबुट्टीचे बगरूचे पलंगपोस एव्हाना पुण्यामुंबईच्या नातलगांकडेही पोहोचले आहेत. मात्र या गावाच्या आसपासच्या शिवारात ऑगस्ट १७४८ मध्ये, भर पावसात, मल्हारराव होळकरांची फौज पाच-सहा दिवस लढत होती आणि त्या चिखलात आपल्याकडील कितीतरी घरांतील माणसे उभी होती, याची आठवण फारच थोड्यांना असते. ज्यांना ती आहे त्यांनाही ती बहुधा कोठेतरी वाचूनच झालेली असते, आणि ते वाचता यावे म्हणून ज्यांनी आपले आयुष्य वेचले त्यांत गोविंद सखाराम सरदेसाई यांचे नाव फार वरचे आहे.

रियासतकार या नावाने महाराष्ट्राला परिचित असलेले सरदेसाई हे स्वतः घरापासून दूर राहिलेले गृहस्थ होते, हे आपल्यासारख्यांनी ध्यानात घेण्याजोगे आहे. त्यांचा जन्म १७ मे १८६५ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील एका सामान्य स्थितीच्या घरात झाला. शालेय शिक्षण रत्नागिरीस आणि पुढचे पुण्याच्या फर्ग्युसन व मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात झाले. पदवी हाती पडताच १८८९ मध्ये ते बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या सेवेत रुजू झाले. महाराजांना ग्रंथ वाचून दाखविणे, राजपुत्रांना शिकविणे, खाजगीकडील हिशेबठिशेब पाहणे अशी नाना कामे त्यांच्याकडे होती. महाराजांच्या आज्ञेवरून त्यांनी मॅकियाव्हेलीचा राजनीतीवरील ग्रंथ आणि इंग्लंडच्या विस्तारावरील सीलीचा ग्रंथ मराठीत उतरविला. महाराजांच्या परिवाराबरोबर युरोपचा प्रवासही त्यांना घडला. कोकणातील मुलगा गुजरातेत गेला आणि उमेदीची छत्तीस वर्षे तेथेच राहिला. त्यांच्या अभ्यासाचा पाया या परमुलखातील नोकरीतच घातला गेला.

राजपुत्रांना हिंदुस्थानचा इतिहास शिकवायचा तर मराठीत हाताशी धरावे असे पुस्तक नव्हते. म्हणून शिक्षकाने आपल्यापुरती टिपणे काढली. टिपणे वाढत गेली आणि त्यांतून १८९८ मध्ये मुसलमानी रियासत प्रसिद्ध झाली. पाठोपाठ मराठी रियासतीचे आणि ब्रिटिश रियासतीचे भाग निघत राहिले. हे काम दिवसभराची चाकरी सांभाळून, पहाटेच्या व रात्रीच्या वेळात झालेले आहे. रियासतीच्या पानोपानी सरदार घराण्यांच्या वंशावळी आढळतात, त्याही अशाच. कोण कोणाचा पुत्र, दत्तक कोण, वडील पाती कोणती, धाकटी कोणती, हे ठरविल्याशिवाय पत्रातील बाबूराव नेमका कोणता बाबूराव हे कळत नाही. आजोबांचेच नाव नातवाला ठेवणाऱ्या आपल्या समाजात तर वंशवृक्षावाचून इतिहास लिहिताच येत नाही. सरदेशांनी हे फार लवकर ओळखले होते.

त्यांच्या पिढीत इतिहाससंशोधनाचे दुसरे एक ठिकाण होते, ते म्हणजे विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. गावोगाव पायपीट करून माळ्यावरची, कणगीतली दप्तरे मिळवायची आणि ती छापायची, ही राजवाड्यांची रीत. सरदेसाई त्या प्रकृतीचे नव्हते. दुसऱ्यांनी मिळविलेले साधन एकत्र करून, जुळवून, वाचकास समजेल असे सांगणे हे त्यांचे बळ होते. राजवाड्यांच्या प्रखर प्रतिभेपुढे सरदेशांना केवळ संग्राहक समजण्याची प्रथा पडली होती. प्रस्तुत लेखकास ती अन्यायाची वाटते. आपल्या कुळाची माहिती शोधणाऱ्या सामान्य माणसास पहिला हात देते ती रियासत.

सन १९२५ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात मोठ्या फेरबदलाचे ठरले. बडोद्याची नोकरी सोडून ते निवृत्त झाले आणि पुण्याच्या अलीकडे मावळात, कामशेत येथे इंद्रायणीच्या काठी घर करून राहिले. त्यांचा पुत्र श्यामकांत हा शांतिनिकेतनात शिकलेला, गुणी मुलगा. उच्च शिक्षणासाठी तो जर्मनीस गेला होता. ऐन तारुण्यात तो निवर्तला. या आघातातून सावरण्यास सरदेशांना कामाखेरीज दुसरा आधार नव्हता. पुढे त्यांनी मुलाची पत्रे एकत्र करून पुस्तकरूपाने छापली. इतरांच्या घराण्यांचे कागद जपणाऱ्या या गृहस्थाने आपल्या घरचे कागद जपले ते असे. परदेशी गेलेल्या मुलांची पत्रे ज्या घरांत येत असत, त्या घरांतील वडीलधाऱ्यांनी हे पुस्तक अवश्य चाळावे.

यानंतर आले ते त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे काम. पेशवाई बुडाल्यावर पेशव्यांचे दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले होते. पुण्यातील सरकारी इमारतीत ते रुमालांत, म्हणजे कापडी बासनांत, बांधून ठेवलेले होते. असे रुमाल तीस हजारांहून अधिक. त्यांतील मराठी कागद मोडी लिपीत. सरकारने हे दप्तर संशोधकांना मोकळे केलेले नव्हते. जुने कागद बाहेर पडले की जुने हक्क आणि जुनी वतने बाहेर पडतील, हे भय त्यामागे असावे. पुण्याच्या संशोधकांनी अनेक वर्षे मागण्या केल्या, पण दार उघडले नाही. अखेर मुंबई सरकारने दप्तरातील निवडक कागद छापण्याचे ठरविले आणि त्या कामावर सरदेशांना नेमले. त्यांचे परममित्र, बंगालचे थोर इतिहासकार यदुनाथ सरकार यांचा या नेमणुकीस पाठिंबा होता.

नेमणूक होताच पुण्यात मोठी नाराजी उसळली. ज्यांनी जन्मभर दप्तराच्या दाराशी उभे राहून मागणी केली ते बाहेरच राहिले, आणि बडोद्याहून निवृत्त होऊन आलेला गृहस्थ आत गेला, असे पुष्कळांना वाटले. या रागात अगदीच तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. दप्तर सर्वांना खुले व्हावयास हवे होते. परंतु मिळालेल्या संधीचे सरदेशांनी काय केले हेही पाहिले पाहिजे. त्या वेळी ते पासष्टीकडे झुकले होते. थोडेसे मदतनीस घेऊन त्यांनी एकेक रुमाल सोडावयास सुरुवात केली. कागद झटकायचा, उलगडायचा, मोडी वाचायची, राजकीय महत्त्वाचा असेल तर बाजूला काढायचा, बाळबोधीत नक्कल करायची, आणि तारीख नसेल तर आतल्या मजकुरावरून ती ठरवायची. मराठी पत्रांत चंद्र लिहिलेला असतो, कधी वार असतो, वर्ष मात्र पुष्कळदा नसते. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ते ठाऊकच असे! १९३० ते १९३४ या काळात ‘पेशवे दप्तरातून निवडलेले कागद’ या मालेचे पंचेचाळीस भाग बाहेर पडले. १९३३ मध्ये दप्तरात काय कोठे आहे हे सांगणारी इंग्रजी मार्गदर्शिकाही त्यांनी सिद्ध केली. या वेगात काही वाचने चुकली, काही तारखा पुढे इतरांनी दुरुस्त केल्या. परंतु आणखी पन्नास वर्षे निर्दोष संपादनाची वाट पाहण्यापेक्षा हे झाले ते बरे झाले, असेच कोणीही म्हणेल.

या छापील भागांत उत्तर हिंदुस्थानातील घडामोडींचे कागद आहेत, आणि त्यांमुळे आपण पुन्हा बगरूपाशी येतो. सवाई जयसिंग १७४३ मध्ये वारले. वडील पुत्र ईश्वरीसिंग गादीवर बसला. पण उदयपूरच्या राजकन्येचा पुत्र माधोसिंग याचाही हक्क होता, कारण तिच्या पोटी होणाऱ्या मुलास गादी देण्याचा करार लग्नाच्या वेळी झालेला होता. दोन्ही बाजूंनी मराठ्यांकडे धाव घेतली. शिंद्यांचा ओढा ईश्वरीसिंगाकडे, तर होळकरांचा माधोसिंगाकडे. पेशवे नानासाहेब स्वतः १७४८ मध्ये जयपूरच्या मुलखात येऊन गेले. माधोसिंगास काही परगणे द्यावेत असे ठरले, पण ईश्वरीसिंगाने ते पाळले नाही, म्हणून बगरूचे रण पेटले. जयपूरच्या बाजूने भरतपूरचा सुरजमल जाट मोठ्या शौर्याने लढला. मल्हाररावांच्या बाजूने त्यांचे कारभारी गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी शत्रूच्या पिछाडीवर घाला घातला. हेच ते गंगोबा तात्या, ज्यांना आपण अहिल्याबाईंच्या चरित्रात राघोबादादांना इंदुरावर बोलावणारे म्हणून ओळखतो. ईश्वरीसिंग बगरूच्या गढीत कोंडला गेला, रसद तुटली, आणि त्यास तह करावा लागला. माधोसिंगास परगणे मिळाले, उमेदसिंगास बुंदी परत मिळाली, आणि मराठ्यांना खंडणीचे वचन मिळाले.

हे वचनच पुढे काळ ठरले. खंडणीची बाकी थकली. १७५० च्या डिसेंबरात होळकर वसुलीसाठी जयपुराकडे चालून आल्याची बातमी येताच ईश्वरीसिंगाने विष घेऊन आयुष्य संपविले. माधोसिंग गादीवर आला, पण मागण्या थांबल्या नाहीत. जानेवारी १७५१ मध्ये, नव्याने वसविलेले ते देखणे शहर पाहावयास, देवदर्शनास आणि खरेदीस आत गेलेल्या मराठ्यांवर नागरिक उठले. वेशी बंद झाल्या आणि दुपारपासून रात्रीपर्यंत कत्तल चालली. मेलेल्यांत लढवय्ये होते तसे कारकून आणि बाजारबुणगेही होते. दक्षिणेतील कितीतरी घरांत त्या वर्षी एक माणूस परत आला नाही.

जयपूर परिसरातील मराठी कुटुंबांना हा वृत्तान्त वाचणे सुखाचे नाही. ज्या गावात आपण पिढ्यान्‌पिढ्या सन्मानाने नांदलो, तेथे आपल्या पूर्वजांचे नाव लुटारू म्हणून घेतले गेले असे कळले की मन खट्टू होते. सरदेशांचा मोठेपणा येथे दिसतो. मराठ्यांविषयी त्यांना अपार अभिमान होता, तरी राजपुतान्यातील या व्यवहाराचा दोष त्यांनी झाकला नाही. दोन सरदारांच्या परस्परविरोधी पक्षपातामुळे आणि पैशाच्या हव्यासामुळे राजपूत मराठ्यांपासून तुटले, आणि पुढे पानिपतावर मराठे एकाकी पडले, अशी संगती त्यांनी लावली. घराण्याचा इतिहास शोधणाऱ्याने हीच तयारी ठेवून दप्तरात जावे. कागद उघडला की त्यात काय निघेल हे आपल्या हाती नसते.

मराठी माणूस या प्रदेशात केवळ तरवार घेऊन आला असेही नाही. मल्हाररावांच्या आधी सवाई जयसिंगांनी सन्मानाने बोलाविलेले महाराष्ट्रीय पंडित जयपुरात होते. रत्नाकर पौंडरीक हे राजाचे गुरू, आणि टॉलेमी व युक्लिडचे ग्रंथ अरबीवरून संस्कृतात आणणारे जगन्नाथ सम्राट हे ज्योतिषी. म्हणजे एकाच शहराच्या कागदपत्रांत आपले पूर्वज गुरू म्हणूनही भेटतात आणि खंडणीदार म्हणूनही.

दूरदेशी राहणाऱ्या कुटुंबाने आपली पाळेमुळे शोधावयाची तर कसे जावे, हा प्रश्न मंडळाच्या बैठकीत नेहमी निघतो. सरदेशांच्या कामाचा उपयोग येथे प्रत्यक्ष होतो. आपले मूळ गाव, पूर्वीचे आडनाव आणि घराण्याचे वतन किंवा वृत्ती, या तीन गोष्टी घरातील वृद्धांकडून आधी लिहून घ्याव्यात. आडनावे प्रवासात बदलतात, गाव सहसा बदलत नाही. नंतर रियासतीच्या त्या त्या काळाच्या भागात घराणे सापडते का पाहावे. मग निवडक कागदांचे भाग चाळावेत. ते आता संगणकावर घरबसल्या वाचता येतात. सरदेशांनी निवडले ते मुख्यतः राजकारणाचे कागद, हे मात्र विसरू नये. साध्या घरांची माहिती न छापलेल्या रुमालांत राहिली आहे. तीही अनपेक्षित ठिकाणी. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात इंग्रजांनी इनाम कमिशन नेमून प्रत्येक इनामदारास आपला हक्क सिद्ध करावयास लावले. त्या धास्तीने लोकांनी वंशावळी, सनदांच्या नकला आणि कैफियती आणून दिल्या. पुष्कळांची इनामे गेली, पण त्यांच्या पाच-सहा पिढ्यांची नावे दप्तरात राहिली. जे हिरावून घेण्यासाठी लिहिले गेले तेच आज पणतूस आधार झाले आहे.

ज्यांचे पूर्वज नुसते शिलेदार किंवा स्वार होते त्यांची गोष्ट अवघड आहे. पथकाच्या हजेरीत आणि घोड्यांच्या नोंदीत एखादे नाव सापडले तर सापडते. स्त्रियांची नावे त्याहून दुर्मीळ. विधवेने वर्षासनासाठी केलेला अर्ज किंवा दत्तकाचा तंटा असेल तरच त्या बोलताना दिसतात. सतराशे एक्कावन्नच्या त्या जानेवारीत जयपुरात जे मेले त्यांच्या घरच्या बायकांचे पुढे काय झाले, हे कळण्याची आशा अशाच एखाद्या अर्जात आहे.

पुण्यात १९१० मध्ये स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ हे दुसरे ठिकाण. गंगोबा तात्यांच्या चंद्रचूड घराण्याचे दप्तर याच मंडळाने छापले. दिल्लीत पेशव्यांची वकिली करणाऱ्या हिंगणे घराण्याचे दप्तरही त्यांनीच छापले. बगरूची एक बाजू अशी मराठी घरांतून वाचता येते. दुसरी बाजू पाहावयाची तर बिकानेरला जावे लागते. राजस्थान राज्य अभिलेखागारात जयपूर संस्थानाची दप्तरे आहेत, आणि त्यांत दस्तूर कौमवार या नावाच्या वह्या आहेत. दरबारातून कोणास कोणता शिरपाव, कोणता मान मिळाला याची नोंद त्यांत जातवार आणि व्यक्तिवार केलेली आहे. जयपुरात नांदलेल्या कुटुंबास याहून उपयुक्त साधन नाही. पुष्करच्या आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या तर आपणां सर्वांना ठाऊकच आहेत. तेथे आजोबांच्या हातची सही पाहून ज्याचे डोळे भरले नाहीत असा माणूस विरळा.

दोन्ही बाजूंचे कागद एकत्र वाचावेत, ही दृष्टी सरदेशांना यदुनाथांच्या सहवासात पक्की झाली. एक मराठी जाणणारा, दुसरा फारसीचा पंडित. पुण्याच्या इंग्रज वकिलातीचा पत्रव्यवहार दोघांनी मिळून संपादित केला. त्याचे भाग १९३६ पासून निघू लागले. यदुनाथ कामशेतला येऊन राहत आणि दोघे वृद्ध कागदांवर वाद घालीत. जयपूर दरबाराच्या सांगण्यावरून यदुनाथांनी त्या संस्थानचा इतिहास लिहिला होता, पण तो छापला गेला त्यांच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी, १९८४ मध्ये. बगरूच्या लढाईची हकीकत त्यांनी मराठी पत्रे जमेस धरूनच सिद्ध केली होती. बंगाली पंडिताने जयपूरचा इतिहास लिहावा आणि त्यास आधार पुण्याच्या रुमालांचा मिळावा, हे मैत्रीमुळे शक्य झाले.

ऐंशी वर्षे उलटल्यावर सरदेशांनी आपल्या संशोधनाचे सार इंग्रजीत तीन खंडांत लिहिले. ते १९४६ ते १९४८ या काळात प्रसिद्ध झाले. मराठी न वाचणाऱ्या हिंदी जगास, आणि परदेशात वाढणाऱ्या आपल्याच मुलांस, मराठ्यांचा इतिहास या तीन खंडांतून कळतो. १९५७ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. त्याच वर्षी त्यांचा ऐतिहासिक घराण्यांच्या वंशावळींचा ग्रंथ सरकारतर्फे प्रसिद्ध झाला. वय वर्षे ब्याण्णव! रियासतीच्या पहिल्या टिपणांपासून जमत आलेली ही पुंजी. कोठे एखादी शाखा अर्धीच आहे, कोठे नावापुढे वर्ष नाही. ज्या घरांना आपली शाखा पुढे कोठे गेली हे ठाऊक आहे त्यांनी ती भरावी, इतकी जागा त्या पानांत आहे.

मे १९५८ मध्ये यदुनाथ वारले. त्यानंतर दीड वर्षाने, २९ नोव्हेंबर १९५९ रोजी, कामशेतच्या घरी सरदेशांनी देह ठेवला. यदुनाथांनी त्यांना लिहिलेली पत्रे तोवर पंजाब विद्यापीठाच्या हरिराम गुप्तांनी छापून काढली होती.